दुधातली मासोळी

हॅलो?... कोण, शामकला? हो, बोल... नाही वं, जेवण नाही झालं अजून. वाटी समोरच आहे...

मासोळीच आहे. इटियाडोह धरणातली रोहू. पण मी नाही, सुनेनं बनवली... हो, हेल्मीनं, माझ्याच शेगडीवर. तिकडे फिनलंडात तिची आई बनवते म्हणे, मासोळीचं सूप...

का का टाकलं? आलू, कांदा, लोणी, वरून शेपू... हो, आपल्या गोरेगावच्या बाजारातलीच. हळद नाही, तिखट नाही, मिरे चार दाणे... आणि अर्धा लिटर दूध. सायीसकट.

हॅलो?... शामकले, आहेस का?

अवं, ओरडू नको... मले माहीत नाही का, मासोळीवर दूध घेतलं का अंगावर कोड फुटते? मासोळीच्या दिवशी माय आपल्याले चहा भी नोहती देत...

सांगितलं ना. पण कोणत्या भाषेत सांगू? पोरगा घरी नाही, रत्नपाल गोंदियाले गेला, चारच्या बसनं येईन. मी हातावर गोल गोल काढून दाखवले, डाग म्हणून. तिले वाटलं, मोठी वाटी पाहिजे. मोठी वाटी भरून दिली.

ती?... तेच त सांगून राहिली. नाही खात. आठ दिवस झाले पोरीले येऊन, नुसती वरण-भातावर आहे. आपलं तिखट तोंडात गेलं का डोळ्याले धारा लागतात. आज मनाजोगं शिजवलं, आणि चमचा खाली ठेवून माझ्या तोंडाकडे पाहून राहिली...

काऊन म्हणजे? माझंच केलेलं आहे. पहिल्या दिवशी हाताले धरून बसवलं तिले, आपल्या घरी एकटं नाही जेवत म्हणून. आता तेच धरून बसली.

फेकून देऊ? डोकं फिरलं का तुझं? पोरगी उपाशी आहे...

हो, हो... आयकून राहिली. तू बोलत राय...

हं. गिळली मी.

काही नाही झालं वं... मीठ कमी आहे. पण शेपूचा वास चांगला लागते... थांब, तिनं चमचा उचलला. खाऊन राहिली... हसून राहिली माझ्याकडे पाहून. बरं वाटलं वं मले, खरंच...

डाग आले त येतीन. या वयात मले कोण पाहाले येते?

उद्या येतेस? ये ना, कोहमाऱ्याहून किती वेळ लागते. उरलेली रोहू पण आहे... पण आताच सांगून ठेवते, तू खाल्ल्याबिगर ती चमचा उचलणार नाही...

हॅलो?... शामकले?