वाचलेला आवाज

जबाब देणारीचे नाव वर नोंदवले आहे तेच. नाटकवाले सगळे मला विंगबाई म्हणतात. वय साठीच्या पुढे. धंदा: नाटकात प्रॉम्प्टर. "निवृत्त" असे लिहू नये ही विनंती. राहणार: नाट्यगृहाच्या मागची गल्ली, रंगाच्या दुकानावरचा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी काही शिकवल्याशिवाय, सांगते ते असे की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतींसह राहते. ते नट आहेत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांची स्वरपेटी काढावी लागली, तेव्हापासून त्यांना बोलता येत नाही. साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, प्रॉम्प्टर म्हणजे नट वाक्य विसरला की विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला पडद्याआड उभे राहून, त्याला पुढचा शब्द हळूच देणारा माणूस. आमचे लग्न याच कामातून जमले, कारण ते वाक्ये फार विसरत. हे लिहू नका अशी खूण पतींनी आता केली. साहेबांनी ते राहू दिले.

ऑपरेशन ठरले तेव्हा डॉक्टरांनी सुचवले म्हणून पतींनी घरी बसून आपला आवाज रेकॉर्ड केला. मी शेजारी बसून एकेक वाक्य देत होते, ते म्हणत होते. त्यातून त्यांचा एक आवाज तयार करून लॅपटॉपमध्ये बसवला आहे. आता ते टाइप करतात आणि लॅपटॉप त्यांच्याच आवाजात बोलतो. भाजीवाल्याशी घासाघीस करतो, माझ्यावर डाफरतो, नातीला फोनवर गोष्ट सांगतो. त्या आवाजाची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. घटनेच्या दिवशी नव्हती, असे लिहावे. आज आहे.

घटनेच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपून मी इस्त्री करत होते. पती लॅपटॉपवर एका जुन्या नाटकाचे फोटो शोधत होते. अचानक लॅपटॉपमधून भोंगा वाजू लागला आणि सगळा स्क्रीन लाल झाला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, बंद केल्यास सर्व काही कायमचे नष्ट होईल, ताबडतोब खालील नंबरवर फोन करा. आतून एक बाई हेच पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होती. पतींनी बटणे दाबून पाहिली, काही हलेना. त्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले. नुसते ओठच हलले.

पतींना फोनवर बोलता येत नाही, म्हणून फोन मी लावला आणि त्यांना ऐकू जावे म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडे एक तरुण होता, बोलायला गोड. तो म्हणाला, "घाबरू नका मॅडम, तुम्ही अगदी योग्य ठिकाणी फोन केलाय. मी सीनियर इंजिनियर बोलतोय. आधी एक खोल श्वास घ्या बघू." मी घेतला. मग "एक मिनिट हं, तपासतो" म्हणून तो थोडा थांबला आणि म्हणाला, "अरे बापरे!" तो म्हणाला, "यात तर शेकडो व्हायरस दिसतायत मला." पुढे त्याने सांगितले की, मी सांगतो ती बटणे दाबून एक प्रोग्रॅम उतरवून घ्या, त्यात येणारा आकडा मला वाचून दाखवा, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर मी इथून चालवीन, मग आमचे आयुष्यभराचे अँटिव्हायरस घ्या, कार्ड जवळ असू द्या. मी कार्ड आणायला उठले, हे खरे आहे. तेवढ्यात फोन कटला.

साहेबांनी विचारले की, तेव्हाच संशय कसा आला नाही. त्याचे उत्तर असे की, तेव्हा मी प्रॉम्प्टर नव्हते, बायको होते.

मी घाईघाईने त्याच नंबरवर पुन्हा फोन लावला. या वेळी माणूस वेगळा होता, आवाज जाड, सर्दी झालेला. तो म्हणाला, "घाबरू नका मॅडम, तुम्ही अगदी योग्य ठिकाणी फोन केलाय. मी सीनियर इंजिनियर बोलतोय. आधी एक खोल श्वास घ्या बघू." शब्द तेच आणि "अगदी"वरचा जोरही तोच. मी श्वास घेतला नाही. मी म्हटले, "मघाशी दुसरे कोणीतरी होते." तो म्हणाला, "नाही मॅडम, मीच होतो की. एक मिनिट हं, तपासतो."

आणि तो थांबला. थांबला तो थांबलाच. कागद चाळल्याचा आवाज आला. वाक्य अडले की नट ज्या तऱ्हेने श्वास धरून ठेवतो, तो श्वास मी अख्खा जन्म ऐकत आले आहे. पुढे माझ्या हातून जे घडले ते सवयीने घडले, त्यात माझा काही बेत नव्हता. मी हळूच म्हटले, "अरे बापरे."

तो लगेच म्हणाला, "अरे बापरे! यात तर शेकडो व्हायरस दिसतायत मला."

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आपल्यातल्याच का? कुठे बसता?"

मी म्हटले, "विंगेत."

मग मी त्याला असे म्हणाले की, "बाबा रे, तुझ्यासमोर माझा लॅपटॉप नाही, कागद आहे. न बघताच व्हायरस दिसले तुला? निदान पाठांतर तरी धड करायचं!" त्यावर तो चिडून म्हणाला, "मशीन बंद केलंत तर सगळं जाईल. मग बसा रडत." हे वाक्य कागदावरचे नव्हते. ते त्याने चांगले म्हटले, आणि मला लागले. मी फोन ठेवला.

लाल स्क्रीन तसाच होता आणि आतली बाई ओरडतच होती. ही सगळी नाटकमंडळी आहे हे मला कळले होते. तरी, एवढे एकच वाक्य खरे असले तर, ही भीती काही जाईना. बटण मी दाबायचे आणि आवाज त्यांचा जायचा, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. म्हणून मी विचारले, "अहो, पाडू पडदा?"

तालमीत काम थांबवायचे असले की पती टेबलावर बोटाने टकटक करत. तशी त्यांनी केली. टकटक स्पष्ट होती. एवढे मोठे काळीज मी रंगमंचावर कोणाचे पाहिले नाही, हे मला या जबाबात नोंदवायचे आहे. मी बंद करायचे बटण दाबून धरले. स्क्रीन काळा झाला आणि भोंगा थांबला.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. मघाचे पान परत उघडू का, असे त्याने विचारले, त्याला नाही म्हटले. लाल काही आले नाही. पतींनी टाइप केले आणि त्यांच्या आवाजात वाक्य आले, "अगं, चोरालासुद्धा वाक्य दिलंस!"

मी रडले. त्यात इस्त्री शर्टावरच राहिली आणि त्यांचा निळा शर्ट जळला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नंतर गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावले. त्यांनी सगळे तपासून सांगितले की, व्हायरस नव्हताच; स्क्रीनभर पसरलेले ते इंटरनेटवरचे एक पान होते. खऱ्या इशाऱ्यात फोन करायला नंबर नसतो, बंद करू नका अशी धमकी नसते, आणि आपण बोलावल्याशिवाय कॉम्प्युटर हातात मागणारा माणूस चोर समजावा. आकडा वाचून दाखवला असता तर आवाजासकट सगळे त्याच्या ताब्यात गेले असते, असेही त्या म्हणाल्या. आवाजाच्या प्रती त्यांनीच करून दिल्या. एक नातीकडे आहे.

साहेबांनी विचारले की, पैसे गेले नाहीत, आवाज गेला नाही, मग तक्रार कशाची. त्याचे उत्तर असे की, आमचा फोन मध्येच कटला म्हणून आम्ही सुटलो. दुसऱ्या कोणाचा कटणार नाही, आणि त्या घरात प्रॉम्प्टरही नसेल. तो नंबर मी दिला आहे. तिसऱ्यांदा फोन करून त्या सर्दीवाल्याची तालीम घेण्याची माझी इच्छा होती. तसे करू नये, अशी समज साहेबांनी मला दिली आहे.

एक गोष्ट साहेबांनी विचारली नाही, पण मी सांगते. माझे काम प्रेक्षकांना ऐकू आले तर ते चुकलेले काम. त्यामुळे माझ्यासाठी आजवर कधी टाळी पडली नाही. त्या दिवशी पतींनी लॅपटॉप बाजूला ठेवून, उभे राहून, माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला माझा अभिमान वाटला, आणि अजून वाटतो आहे. हे असेच लिहावे.

वाचनानंतर वाढवलेला मजकूर: जबाब वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा तो आपण वाचू, असे पतींनी टाइप करून कळवले. ठाण्याचा पेनड्राइव्ह मी आमच्या लॅपटॉपला लावू दिला नाही; साहेब हसले, पण आग्रह केला नाही. पतींनी पानांचे फोटो काढून लॅपटॉपमध्ये घेतले आणि हा जबाब मला माझ्या पतींच्या आवाजात पहिल्या ओळीपासून ऐकवण्यात आला. शेजारच्या टेबलावरचे लोक काम सोडून ऐकत होते. फोनच्या प्रसंगात, "अरे बापरे"च्या आधी, पतींनी मुद्दाम बटण दाबून आवाज थांबवला आणि माझ्याकडे पाहिले.

मी वाक्य दिले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि बरोबर आहे.