विमान कंपनीच्या जागी बसलेल्या अक्का

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. नव्वदच्या दशकात बंगळूरला आम्ही विमानाच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. विमान कंपनीचा खरा कॉम्प्युटर जोडायला मिळणार होता थेट शेवटच्या दिवशी, गिऱ्हाइकासमोर. तिथे गाडी अडली, तर माझी नोकरी जाणार.

तोवर त्या कॉम्प्युटरचं सोंग कोण घेणार? मी परदेशी सॉफ्टवेअर पॅकेज आणवलं, साहेबांनी स्वतः प्रोग्राम लिहिला. दोन्ही विचारताक्षणी म्हणायचे, "सीट आहे." साहेब खूश. मला मात्र वाटायचं, सारखं हो म्हणणारा आपली परीक्षा काय घेणार?

म्हणून मी जयनगरच्या सावित्रीअक्कांना आणलं. तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेल्या. आमचा प्रोग्राम सीट विचारणार, पलीकडे बसून अक्का उत्तर टाइप करणार.

पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही. आमचा प्रोग्राम गोठला. मी धावलो. "अक्का, उत्तर द्या की!"

"स्वल्प थांब रे, कॉफी संपू दे."

"खरा कॉम्प्युटर असं करेल का?"

"तीस वर्षांत पहिल्या हाकेला मी कुणाला उत्तर दिलं नाही. तुझा प्रोग्राम काय माझा जावई?"

महिनाभर अक्कांनी छळलं, आणि प्रोग्राम थांबायला, पुन्हा विचारायला शिकला. शेवटच्या दिवशी खरा कॉम्प्युटर मध्येच गप्प झाला. आमचा प्रोग्राम शांतपणे थांबला, त्याने पुन्हा विचारलं, सीट मिळाली.

गिऱ्हाईक चकित. "टेस्टिंगला कुठलं टूल वापरलंत? आम्हालाही हवंय."

मी कोपऱ्यात कॉफी पीत बसलेल्या अक्कांकडे बोट दाखवलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "उद्या या."