‘ध’ अक्षराची दोन पोरं

वर्धेच्या मोटार स्टँडवर सेवाग्रामच्या बसची रांग उन्हात उभी होती. मागे दोघे बोलत होते. पुढे छत्री उघडून उभ्या असलेल्या गजाननपंतांच्या कानी ते पडत होतं.

"पुनाजी, पोराचं नाव बदलवलं म्हने?"

"हो चिंधूभाऊ. नागपूरले दीक्षा घेतली आन् धम्मपाल ठेवलं. धम्माचा राखनदार."

"‘ध’वरूनच काऊन?"

"जोशानं तेच अक्षर काढून देल्लं होतं ना. पाटलाचा आन् माहा पोरगा एकाच पहाटेचे. पाटलाच्या घरी पाटावर बसून सांगतलं, धनंजय ठेवा, धन जिंकून आननारा. मले ओट्याखाली उभं ठेवून म्हने, धोंड्या."

"त्याचा अर्थ नाई सांगतला?"

"सांगतला ना. दगडाले कोनाची नजर लागत नाई म्हने."

"मंग पाटलाच्या पोराले नजर लागत नाई का?"

"हे इचाराची हिंमत नोती तवा."

"आता गाव काय म्हन्ते पोराले?"

"गाव धोंड्याच म्हन्ते."

"हळू बोल, पुढचा छत्रीवाला ऐकून राह्यला."

"ऐकू दे. थोच जोशी होय. त्याच्यासाठीच बोलून राह्यलो."