ओड्वारचा ओटा

— ते? कुंपणापलीकडच्या त्या लाकडी ओट्याचं म्हणताय? हो, छान आहे. सगळेच म्हणतात. पण तुम्ही आमच्या जुन्या ओट्याच्या फळ्या न्यायला आलात ना, मग फळ्यांकडे बघा की जरा! या अलीकडच्या घ्या आधी, या अजून टणक आहेत. भिंतीलगतच्या पार भुसभुशीत झाल्यात, त्या मी टाकूनच देणार. आणि एक, जाहिरातीत लिहायचं राहिलं म्हणून सांगतो — शेगडीत घालू नका बरं का या. जुन्या काळचं हिरवं औषध मुरवलेलं लाकूड आहे, धूर विषारी. होडीच्या खोपीला लावायच्यात म्हणालात ना? मग हरकत नाही, खोपीला उत्तम. आमची सिग्ने म्हणते, फुकट देतोस ते ठीक, पण न्यायला आलेल्या माणसाचं डोकं खाऊ नकोस. आता ती इथे नाहीच आहे ऐकायला. ती तिथे आहे. त्या बाकावर, निळ्या स्वेटरातली — ती माझी बायको. आणि तिच्या बाजूला उभा राहून दात काढतोय तो ओड्वार, आमचा शेजारी. नाही हो, तसं काही नाही! मी म्हणालो का तसं? त्याची बायको गेली दोन वर्षांपूर्वी, एकटा पडला बिचारा, सिग्ने आधी रस्सा द्यायला जायची, मग भांडं आणायला जायची, मग — आता भांड्याबिंड्याचं काही नसतं. आता नुसतीच जाते.

उन्हासाठी जाते. इतकंच आहे ते. आमचा ओटा पडला पूर्वेला, दुपार टळली की आमचंच घर आमच्या ओट्यावर सावली धरतं, आणि ओड्वारचा बघा, पश्चिमेला, फियॉर्डच्या खाडीकडे तोंड करून, ऊन तिथून हलायचं नाव घेत नाही. तुम्ही म्हणाल, पूर्वेला बांधलाच कशाला? अहो, मी फेरीबोटीवर इंजिनात होतो, रात्रपाळी, पहाटे घरी यायचो, मग मला ऊन सकाळीच लागणार ना? ओट्यावर बसायचं, बूट काढायचे, कॉफी घ्यायची, समोर ऊन — त्यासारखं सुख नाही. सिग्ने? ती त्या वेळेला शाळेत शिकवायला गेलेली असायची. संध्याकाळी बसायची की! घोंगडी घेऊन बसायची. तक्रार नाही केली कधी. म्हणजे एकदा म्हणाली होती, पश्चिमेला केला असतास तर. पण तेव्हा खांब पुरून झाले होते, पुरलेले खांब काय उपटायचे? तुम्हीच सांगा. धरा, ते टोक धरा, वाकतंय.

आणि गंमत ऐका. तो ओड्वारचा ओटा बांधला कुणी? मी! म्हणजे सावडीत. तुमच्या वोल्दा गावाकडे असेलच की ही रीत, कुणी ओटा काढला, छप्पर काढलं, की आळीतल्या सगळ्यांनी हत्यारं घेऊन हजर व्हायचं, पैशाचं नाव काढायचं नाही, कॉफी आणि वाफल यांवर काम. आणि न जाऊन सांगता कुणाला? सावडीला न गेलेल्या माणसाबद्दल लोक त्याच्या मयताच्या जेवणातसुद्धा बोलतात. गेलो. बाकीचे काय, आपले दोन फळ्या ठोकून वाफल खात बसले, पण मला अर्धवट काम जमत नाही हो, तो माझा स्वभावच नाही. लेव्हल मी लावली. फळ्यांमधल्या फटी मी पाचर घालून एकसारख्या ठेवल्या. आणि तो बाक — आता ती बसलीय ना, तोच — तोही मी केला. ओड्वार त्याचं तोंड घराकडे करायला निघाला होता! मी म्हटलं, अरे गाढवा, फियॉर्डकडे वळव, पाठ थोडी मागे कलती ठेव, बाईमाणसाला बसलं की पाठीला बरं वाटतं. बाईमाणसाला! त्याच्या घरात बाईमाणूस कुठे उरलं होतं? आणि सिग्ने तिथेच उभी, वाफलवर तपकिरी चीज किसत, आणि म्हणते, आर्नफिन, किती सुरेख केलास रे. इतक्या वर्षांत आमच्या ओट्याला सुरेख म्हणाली नाही. वर ते लाकूडही त्याने लार्चचं आणलंय, औषध लावायचं नाही, रंग लावायचा नाही, आपोआप चंदेरी होतं म्हणे. चंदेरी! माझे केस चंदेरी झाले, ते बघायला कुणी कॉफी घेऊन येत नाही.

हसू नका. बरं, हसा. थांबा, तुम्हाला एक दाखवतो. या फळ्या उचलल्या तेव्हा खाली काय काय सापडलं — चमचे, कपड्यांचे चिमटे, पोरीची एक बाहुली, ती आता स्वतः दोन पोरांची आई आहे. आणि ही. तंबाखूची डबी. ओठाखाली ठेवायच्या तंबाखूची. मी ठेवत नाही. सिग्नेचा भाऊ ठेवत नाही, तो पाद्री आहे. मग कोण ठेवतं? तुम्ही बघा तिकडे, त्याचा वरचा ओठ बघा, फुगलाय ना? फुगलेलाच असतो. आता ही डबी माझ्या ओट्याच्या फटीतून पडते कशी? मी बोटीवर असताना इथे बसल्याशिवाय पडेल का? परवापासून खिशात घेऊन फिरतोय, झोपतानाही उशाशी — नाही, विचारलं नाही तिला. काय विचारायचं? विचारलं आणि ती लाजली तर? म्हणजे या वयात — काय? तेव्हा पडली असेल? तेव्हा म्हणजे कधी, हा आमचा ओटा बांधताना? हं. हो, तेव्हाही सावड होती. हो, आला होता तो. याच कोपऱ्यात फळ्या ठोकत होता. एक अख्खी बाजू त्याने केली, खरंय, आणि चांगली केली, तीच बाजू अजून टणक आहे, तुम्ही नेताय त्या त्याच फळ्या. झालं. म्हणजे तुम्ही दोन मिनिटांत निकाल लावला. शहाणे आहात. तरी पण तेव्हाच पडली असेल कशावरून? आणा ती डबी इकडे. नको, असू दे, माझ्याच खिशात असू दे.

नवीन ओटा? नवीन मी एकटाच बांधणार. हो, एकटा, गुडघे दुखतात तरी एकटा! सावडीला हाक मारायची म्हणजे ओड्वारला मारावी लागणार, त्याला वगळलं तर आळीभर कुजबुज, की आर्नफिनच्या डोक्यात काय शिरलंय. आणि हाक मारली की तो येणार! नाक मुरडत आला असता तर चाललं असतं, पण तो खुशीत येणार, सगळ्यांच्या आधी येणार, आपली यंत्रं आणणार, आणि सिग्ने त्याला वाफल वाढणार माझ्यासमोर. त्यापेक्षा गुडघे गेलेले बरे. या वेळी मोठा करतोय, घराला वळसा घालून थेट कुंपणापर्यंत. त्या खुंट्या ठोकल्यात ना, तिथवर. ऊन? तिथे कुठलं ऊन, तिथे तर ओड्वारच्या गॅरेजची सावली, दिवसभर ओल, शेवाळ धरणार, मला माहीत नाही का. ऊन नाही येत तिथे. पण दिसतं. त्या कोपऱ्यातून त्याचा अख्खा ओटा दिसतो, बाक, टेबल, सगळं — ऐकूही येत असेल वारा इकडचा असला की. असं बघू नका माझ्याकडे! माणसाने आपल्या जागेत कुठे बसावं तो त्याचा प्रश्न आहे. तिला सांगितलंय, तुझ्यासाठी मोठा करतोय. ती म्हणाली, बरं.

काही नाही हो, ती हाक मारतेय. कॉफीला. रोजचंच आहे. हात हलवते, दोनदा ओरडते, मग थांबते. मी नाही जात. माझा कप भरून ठेवते, त्या रिकाम्या खुर्चीसमोर, गार झाला की फुलझाडांत ओतते, दुसऱ्या दिवशी परत भरते. ओड्वारही बोलवायचा आधी. मी म्हटलं, मला काम आहे. आणि काम आहेच, बघताय ना तुम्ही. काय? तुम्हालाही बोलावतेय? तिला काय, वाटेनं जाणाऱ्यालाही बोलवेल. मी सांगतो, पाहुण्यांना फेरीबोट गाठायचीय — आहे अजून वेळ? हो, आहे म्हणा. पण फळ्या अर्ध्याच भरल्यात. पाऊस येईल. अहो, हातमोजे कशाला काढताय? तिकडून वाट नाहीये — आहे, ती आहे, त्यानेच केलीय कुंपण तोडून, तिला वळसा पडू नये म्हणून. जा, मला काय. जा. दोरी मी बांधतो तुमच्या गाडीला.

अहो! त्या खुर्चीत नका — ती —

बसले.

प्या. सावकाश प्या. ताजी आहे, आत्ताच ओतलीय ती. नाही, सिग्ने, मी येत नाहीये, मला काम आहे, किती वेळा सांगायचं! … काय? … तू हाक मारलीस ना आत्ता?

नाही मारली. बरं.