मालिकेतली शेजारीण

हसू नका, पण मला पहिल्यांदा खटकलं ते वैशालीचं फोनवरचं एक वाक्य. "ती शेजारीण तशी वाईट नाहीये गं."

ही शेजारीण आमच्या इंटरनेटवरच्या इंग्रजी मालिकेतली. त्या मालिकेच्या नायिकेला मुलीच आवडतात. आई तिला घेऊन नव्या गावी राहायला जाते, आणि तिथली तिच्याच वयाची शेजारीण तिला आपल्याकडे ओढून जुन्या मैत्रिणीपासून तोडते. कॉलेज सुटलं की जुन्नरच्या सायबर कॅफेत एकच हेडफोन दोघींच्या कानाला लावून वैशाली आणि मी ती मालिका बघायचो आणि त्या शेजारणीला शिव्या घालायचो. कॅफेवाले भाऊ म्हणायचे, "इंग्रजी लई सुधारलं आसंल पोरींनो."

मग वैशाली पुढं शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली.

"नवा भाग कुणाबरोबर बघितलास?" त्याच फोनवर मी विचारलं.

"मधुराबरोबर. रूममेट आहे माझी. तिच्याकडे लॅपटॉप आहे."

मधुराला मी पाहिलंही नव्हतं, तरी तिचे केस, तिचं हसणं सगळं डोळ्यांपुढे दिसायला लागलं. त्यात वैशाली फोन उचलेना. कॅफेत भाऊंनी नुसतं विचारलं, "आज येकटीच? जोडीदारीण कुठं गेली?" तर मी दचकून माउस खाली पाडला.

शेवटी ठरवलं, सरळ विचारायचं, मी की ती. बराच वेळ रिंग वाजली आणि फोन उचलला मधुरानं.

"तू जुन्नरची ना? तुझा फोन आला की ही मोबाईल उशीखाली ढकलते. तू तिला आवडतेस हे तुला कसं सांगायचं, त्याची तालीम मात्र रोज माझ्यापुढे. मी कंटाळले बाई. थांब, देते तिच्याकडे."