गुलाबी तुमान

हसू नका, डॉक्टर. हसण्यासारखं काय आहे त्यात? नाव तुमान, म्हणजे धुकं, आणि अस्वल गुलाबी आहे, मान्य. हिमअस्वल गुलाबी असू नये, तेही मान्य. पण दोन दिवस रेल्वेत बसून तुम्ही आमच्या तुमानला तुमच्या दक्षिणेतल्या प्राणिसंग्रहालयात न्यायला आलात, आणि त्याला बघून पहिलं काय केलंत, तर हसलात – कळतं हो त्याला सगळं! बघा, तोंड फिरवून बसला. या इकडे, त्या पेटीवर बसा, स्वच्छ आहे, मासे सकाळीच काढलेत. चहा घ्या. रोगबिग काही नाही हो, बीट आहे – बोर्शच्या लाल सुपात घालतो तेच.

त्याचं असं झालं – नववर्षाला इथे सगळ्यांना खाऊ असतो. माकडांना संत्री, हत्तिणीला नववर्षासाठी सजवलेलं आख्खं फरचं झाड, दिवे काढून. आणि तुमानला बर्फात गोठवलेल्या माशांचा केक, तो मी करते, क्लावदिया येगोरोव्हना, बावीस वर्षं या पिंजऱ्यांवर आहे, कुणालाही विचारा. यंदा म्हटलं, आपल्या टेबलावर कोट पांघरलेला हेरिंग असतो, भाज्यांच्या थरांखाली झाकलेला मासा, त्याशिवाय कसलं आलंय नववर्ष, मग यानंच काय पाप केलंय? खाली मासे, त्यावर बटाटा, त्यावर गाजर, आणि वरून बिटाचा हा एवढा जाड थर. मेयोनीज नाही घातलं, मी काय वेडी आहे? तर मेला खायचं सोडून त्यात लोळला! पाठीवर, पोटावर, परत पाठीवर.

तुम्ही म्हणाल, तेवढ्यानं एवढं अस्वल रंगतं होय? अहो, त्याचा केस पांढरा असतो कुठे! तुम्ही डॉक्टर, तुम्हाला मी काय सांगायचं – पण सांगते. केस काचेसारखा, आतून पोकळ, आणि खाली कातडी काळीकुट्ट. पांढरा नुसता दिसतो. तळ्यात शेवाळं झालं की हाच हिरवा होतो, तुमच्या दक्षिणेत तर बारा महिने शेपूच्या जुडीसारखा दिसेल, मग बघू कोण हसतं ते! आणि बीट तर काय, रात्रभर व्हिनेगरमध्ये मुरवलं की रंग हलत नाही, माझ्या टेबलावरची चादर बघा हवं तर.

हो, व्हिनेगर. का म्हणजे? चवीला – छे, चवीला कुठलं, आंबट तर तो जिभेलाही लावत नाही, लहानपणापासून, नुसता आंबट वास आला की त्यात लोळत सुटतो, म्हणून तर मी –

चहा गार होतोय तुमचा.

बरं, असं बघू नका माझ्याकडे. चार बादल्या. चार बादल्या बीट किसलं, हे बघा हात, अजून रंग जात नाही. मासे नव्हतेच त्यात, मासे मी आधीच पोटभर घातले होते, म्हणजे खायच्या भानगडीत पडायला नको. झालं समाधान? मला वाटलं, डॉक्टर येईल, हे ध्यान बघेल, म्हणेल, नको बाबा, रोगट दिसतंय, ठेवा तुमच्याकडेच. झालं भलतंच! कालपासून फाटकाबाहेर रांग आहे, संचालक आधी माझ्यावर ओरडले आणि मग स्वतःच फोटो काढून घ्यायला आले. एक बाई मला विचारते, गुलाबी म्हणजे मादी का हो? म्हटलं, तुम्ही लाल कोट घातलाय, मग तुम्ही काय आगीचा बंब?

माहितीय मला, तुमच्याकडे तळं मोठं आहे. मादी आहे. फोटोही बघितला, चांगली आहे, नाक जरा लांब आहे पण असो. अकरा वर्षांपूर्वी याच्या आईनं याला टाकला तेव्हा एवढासा होता, बुटात मावेल इतका. घरी नेला मी. तीन महिने आमच्या बाथटबमध्ये राहिला, आणि माझा नवरा तीन महिने बहिणीकडे जाऊन अंघोळ करायचा – शेवटी तिकडेच राहिला, ते एक बरंच झालं. घर रिकामं आहे माझं, डॉक्टर. सकाळी उठून यायला मला हा एकच आहे. तुमच्या तिकडे त्याला हाक कोण मारणार? तुमान म्हटलं की तो लगेच येत नाही, आधी रुसतो, मग येतो, हे कोणाला ठाऊक आहे तिकडे?

काय लिहिताय? लिहा, खरं तेच लिहा. बाईनं फसवलं, लिहा. नोकरी गेली तर – आणा इकडे तो कागद. कसलं हे अक्षर, कोंबडी नाचल्यासारखं! ‘केसांचा रंग बदललेला... कारण निश्चित सांगता येत नाही’ – अहो, कारण मी आत्ता तुम्हाला – ‘उन्हाळ्यात जुने केस झडून नवे येईपर्यंत प्रवासास अयोग्य. त्यानंतर पुन्हा तपासणी.’ आणि खाली सही.

उठा. चहा राहू दे. गाडी चुकेल तुमची. नाही, आभारबिभार मानणार नाही मी, उन्हाळ्यात याल तेव्हा भांडेन तुमच्याशी, तयारीनं या. टोपी घ्या ती. निघा म्हणते ना, डॉक्टर! मला रडायचंय, आणि परक्या माणसासमोर मला रडता येत नाही.