मोहगावच्या घराची हिरवी भिंत

मोहगावचं घर विकलं का, असं तुम्ही विचारता म्हणून सांगतो. सुट्टीत पांढुर्ण्याहून जाऊन राहावं म्हणून संत्र्याच्या बगिच्यात आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या. पोरं नोकरीसाठी बाहेर गेली, आमचंही जाणं सुटलं आणि बाहेरच्या भिंतीवर शेवाळ चढत गेलं. शेवटी माझी बायको शोभाच म्हणाली, "विकून टाका. पाहून वाईटच वाटते."

सौंसरचे एक व्यापारी रविवारी घर पाहायला येणार होते. "असी हिरवी भिंत पाहून तो मानूस काय म्हनन?" म्हणत शोभा सकाळीच ब्लिचिंग पावडरचं पाणी आणि ब्रश घेऊन कामाला लागली. मी पाणी टाकत होतो, ती घासत होती. शेवाळ निघालं तसा खालचा पिवळा रंग दिसू लागला. तो रंग तिनंच निवडला होता. ती जास्तच जोरानं घासू लागली.

अर्धी भिंत झाली, तेवढ्यात व्यापारी आले. स्टुलावर चढलेल्या शोभाला पाहून म्हणाले, "वहिनी, कायले मेहनत करून राहिल्या? मले तं हे पाडून गोदाम बांधाचं आहे."

शोभानं हात थांबवला नाही. "मंग गोदामासाठी दुसरी जागा पाहा, भाऊ. दिवाळीले आमी पोराईले इथंच बोलावून राहिलो."

मला ही बातमी नवीनच होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो, तर म्हणाली, "माह्याकडे काय पाहता? पाणी टाका!"